शनिवारचे हात

एझ्राच्या घरून शनिवारी फोन येत नाही. माझ्या उभ्या आयुष्यात कधी आला नाही. शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवारी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत त्या घरात फोन वाजला तरी कुणी उचलत नाही, स्वतःहून करणं तर लांबच. म्हणून त्या शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला मोबाइलवर ‘एझ्रा घर’ अशी अक्षरं उमटली, तेव्हा तो उचलायची खरं तर गरजच नव्हती. उचलला. शेजारच्या सुतारांची सून बोलत होती. “दामूकाका, फ्लोराकाकू काही करा म्हणाल्या नाहीत हो... नुसतं म्हणाल्या, रोडपालीला कळायला हवं. मग मीच लावला फोन.” मी रोडपालीच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत एका पायात चप्पल घालून उभा होतो. दुसरी सकाळपासून सापडत नव्हती. खरं सांगायचं तर शोधलीच नव्हती. सापडली असती तर एझ्राकडे जावं लागलं असतं. त्यानं मला त्या दिवशी बोलावलं होतं, आणि मी गेलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याबद्दल भलतं चांगलं मत करून घेऊ नये.

एझ्रा गेला त्याला दोन महिने झाले. एझ्रा पळसपेकर पनवेलच्या जुन्या बेने इस्रायली ज्यू घरातला. त्यांची निम्मी आळी कधीच परदेशी गेली, त्याचा मुलगाही गेला, हा मात्र हलला नाही. कॉलेजात भूशास्त्र शिकवायचा आणि वेड होतं हिमनद्यांचं. गारा पडल्या तरी जिथं पेपरात बातमी येते, त्या गावात जन्मलेल्या माणसाला बर्फाचं वेड लागावं, हे काय म्हणायचं! लहानपणी आमच्या भिंतीला भिंत. माझी आई त्याच्या आईला म्हणायची, “रिबकाबाय, तुमच्या पोराच्या डोक्यात काय हाय ते तुमालाच ठाव.” मी शाळेत कसाबसा, नंतर सरकारी नोकरीत सर्व्हेअर झालो. खाडीकाठची मिठागरं बुजवून नवं शहर उभं राहत होतं, त्याच्या जमिनीच्या पातळ्या घेण्यात माझी हयात गेली. दुर्बीण लावायची, समोर माणूस पट्टी धरून उभा करायचा, आकडा वाचायचा. एवढीच माझी विद्या. पण त्या विद्येनंच मला एझ्राबरोबर हिमालयात नेलं, आणि तिथंच मी तिला काळं फासलं.

आधी शनिवारचं सांगायला हवं. शनिवारी त्यांच्या घरात चूल पेटत नसे, दिवा लावत नसत, पेन उघडत नसत. शुक्रवारी संध्याकाळी काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा लागला की सगळं थांबलं. मी सहा-सात वर्षांचा असल्यापासून शनिवारी सकाळी त्यांच्याकडे जायचो. रिबकामावशी कधीही ‘स्टोव्ह पेटव’ असं म्हणायची नाही. सांगून काम करून घेणंही त्यांच्यात बसत नाही. ती नुसती खिडकीबाहेर बघून म्हणायची, “आज गारठा आहे, नाही?” की मी स्टोव्ह पेटवायचा. “घरात अंधारच फार,” की मी बटण दाबायचं. मला त्याची गंमत वाटायची. माझ्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवत मावशी म्हणायची, “दामू, तू आमचे शनिवारचे हात रे बाबा.” एझ्रा बाजूला हसत असायचा. “बघ दाम्या, सहा दिवस तुझे, एक दिवस आमचा. भाडं वडीत वळतं.” साठ वर्षं मी त्या घराची ही बोली बोललो. तिच्यातला एकही शब्द मला न कळण्यासारखा नव्हता, हेही लक्षात असू द्या.

पन्नाशीच्या आसपास त्यानं हिमालयातली एक हिमनदी धरली. लाहौलच्या पलीकडच्या एका आडवळणी खोऱ्यातली, नावाचाही पत्ता नसलेली. ना मोठं अनुदान, ना साहेबांचा ताफा. सुट्टी काढून दोघांनी जायचं, खालच्या गावातला तेनझिन नावाचा माणूस खेचर घेऊन सोबत. तिथं त्याच्या अंगात यायचं. पहिल्या वर्षी त्यानं मला एका कातळासमोर उभं केलं आणि माझा हात धरून त्यावरून फिरवला. कातळावर लांबच लांब चरे होते, सरळ, एकाच दिशेचे. “बर्फ एकटं नाही वाहत, दाम्या. पोटात दगड धरून वाहतं. हे त्याचं किसणं.” मग त्यानं दरीकडे बोट दाखवलं. नदीनं कापलेली दरी निमुळती असते, आपल्या घाटातल्यासारखी. ही दरी परातीसारखी रुंद, तळ सपाट, बाजू उभ्या. बर्फानं कोरून काढलेली. दोन्ही कडांना दगडमातीचे जे लांब बांध पडले होते, ते बर्फानं आणून टाकलेले. एके काळी ते तिथवर भरलेलं होतं. “आणि तेव्हा आपलं पनवेल कुठं होतं माहितीये? समुद्रापासून कितीतरी मैल आत. पाणी सगळं इथं वर गोठलेलं, मग खाली खाडी कुठली? ... वर बर्फ साठलं की समुद्र मागे जातो, वर वितळलं की आपल्या दारात येतो.” मी म्हटलं, म्हणजे मी खाली भराव घालून जी जमीन वर घेतोय, ती तू इथून बुडवणार. तो इतका हसला की खोकला लागला.

त्याचं मोजण्याचं तंत्र साधं होतं. बर्फाच्या कडेला न हलणाऱ्या कातळावर तांबडी खूण. दर वर्षी त्याच दिवसांत यायचं, खुणेपासून दुर्बीण लावायची आणि बर्फाचा पृष्ठभाग किती खाली गेला ते वाचायचं. पहिली दोन वर्षं खूण ओढ्यापलीकडच्या कड्यावर होती. तिसऱ्या वर्षी गेलो तर दरड कोसळून खूण गाडली गेलेली. नवी हवी. सहा दिवस बर्फवादळ, तंबूबाहेर डोकं काढता येईना. सातव्या दिवशी लख्ख उघडलं, आणि तो शनिवार होता. तेनझिन म्हणत होता, दुपारनंतर पुन्हा बंद होईल, उद्या खाली उतरायलाच हवं. एझ्रानं आईला शब्द दिला होता, कुठंही असलो तरी शनिवारी पेन धरणार नाही, यंत्राला हात लावणार नाही. तो तंबूच्या दाराशी बसला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “आज गारठा आहे, नाही?” दोघंही हसलो. आदल्या दिवशीच त्यानं मला समजावलं होतं. खूण पलीकडच्या मूळ कातळावरच. अलीकडच्या राडारोड्यावर विश्वास ठेवायचा नाही, त्याच्या खाली बर्फ दडलेलं असतं. नाइलाजच झाला तर पहारीनं खणून खाली कातळ लागतो का ते बघायचं.

मी ओढ्यात गुडघ्यापर्यंत उतरलो आणि परत फिरलो. भ्यालो. पाण्याला ओढ होती, पायांची संवेदना गेली होती, आणि घरी लग्नाच्या दोन पोरी होत्या... कारणं काय, मागाहून कितीही सुचतात. अलीकडे एक दगड होता. घराएवढा म्हणावा असा, अर्धा राडारोड्यात रुतलेला, डोंगराचाच भाग वाटणारा. बुडाशी पहारीचे चार घाव घातले, ठण्ण आवाज आला. हात बधिर झाले होते. पुढे खणलं नाही. त्यावर खूण केली, पट्टी तेनझिनच्या हातात देऊन आकडे वाचले, परत आलो. एझ्रानं विचारलं, “खणलंस?” मी म्हटलं, “खणलं. खाली कातळ आहे.” रविवारी पहाटे त्यानं वहीत लिहिलं : नवी खूण, दामूने खणून खात्री केली. पनवेलला पोचल्यावर दर वर्षीसारखा त्यांच्याकडे मलिदा झाला, सुखरूप परत आल्याबद्दल. गोड पोहे, खोबरं, फळं. एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताचं नाव घेऊन मावशीनं पहिली मूठ माझ्या हातावर दिली आणि मी ती खाल्ली.

मला तेव्हा खरंच वाटलं होतं की दगड पक्का आहे. तीन वर्षं वाटत होतं. आणि आकडेही कसे गोड येत होते! बर्फ खाली जातंय, पण जेमतेम वीतभर. आजूबाजूच्या हिमनद्या झपाट्यानं खंगत असताना आमची तब्येत राखून होती. एझ्रा लहान मुलासारखा खूश. तेनझिन दर वर्षी निघताना विचारायचा, “साब, ठीक है ना?” आणि एझ्रा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, “ठीक है.” त्या भरवशावर गावानं बर्फाच्या पाण्यावर नवा कालवा खोदला, बार्लीच्या शेतांशेजारी मटार लावला. मग एक दिवस जासईकडच्या एका कंटेनर यार्डात मला तपासणीला बोलावलं. भरावावरची फरशी तडकत होती, पण आकडे म्हणत होते की जमीन खचलेलीच नाही. मी जाऊन बघितलं तर कुणा शहाण्यानं पातळीची खूण त्याच भरावावर बांधलेल्या चौथऱ्यावर घेतली होती. जमीन खचत होती, चौथरा तिच्याबरोबर खचत होता, मग फरक दिसणार कुठून! मी त्या पोराला शिव्या घालायला तोंड उघडलं, “भरावावर खूण घेतात का रे गाढवा...” आणि तसाच उघड्या तोंडानं उभा राहिलो. आमचा दगड. तो बर्फावर बसलेला होता. बर्फ उतरत होतं आणि दगडही त्याच्याबरोबर उतरत होता. जो नियम मी पंचवीस वर्षं पोरांना शिकवला, तो मीच मोडला होता.

तेव्हा सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. पुढल्या मोहिमेत सांगू म्हटलं, मग त्याच्या पुढल्या. अशा आठ झाल्या, आणि गुडघ्यांनी जाणं बंद केल्यावर आणखी दोन वर्षं. दर वर्षी मी त्याच दगडापाशी दुर्बीण लावायचो, मला आकडा खोटा आहे हे माहीत असायचं, आणि तो तंबूत बसून सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचा. पुन्हा खणून बघू असं तो एकदाही म्हणाला नाही. दाम्यानं खणलंय म्हटल्यावर विषय संपला! कधी कधी वाटायचं, अरे, एकदा तरी संशय घे माझा. त्यानं नाही घेतला.

आपल्याच गावच्या वाचनालयात त्याचं व्याख्यान झालं तो दिवस मी विसरूच शकत नाही. काय सुंदर बोलला! पृथ्वी जरा कलून फिरते, तो कल हजारो वर्षांत थोडा कमी-जास्त होतो, सूर्याभोवतीची वाट कधी जवळजवळ गोल तर कधी लांबट होते. त्यानं उन्हाची वाटणी बदलते, बर्फ वाढतं, उतरतं, हिमयुगं येतात आणि जातात. दहा-वीस हजार वर्षांचे, लाख वर्षांचे फेरे. “त्या फेऱ्यांच्या हिशेबानं आत्ता आपण हळूहळू थंडीकडे सरकायला हवं होतं. सरकतोय उलटे, आणि धावत.” तेवढ्यात एक निवृत्त साहेब उठले. “म्हणजे हे चक्रच आहे ना, सर? येतं, जातं. उगाच घाबरवता लोकांना. तुमच्याच वहीत तुमची हिमनदी जागच्या जागी आहे!” लोक हसले. एझ्रा म्हणाला, “हो. माझी आहे. का आहे, ते मला कळत नाही.” मी दुसऱ्या रांगेत होतो. त्याची मान खाली गेलेली मी बघितली, आणि जागचा उठलो नाही. मी माणूस म्हणून घ्यायच्या लायकीचा नाही, हे मला त्या दिवशी स्पष्ट कळलं.

मग तेनझिनचा फोन आला. बर्फ इतकं खाली उतरलं होतं की कालव्याचं तोंड ओढ्याच्या कितीतरी वर लटकत राहिलं. पाणी चढेना. मटार वाळला, बार्ली वाळली. अर्धं गाव खाली रस्त्याकडेला उठून गेलं होतं. तेनझिननं तक्रार केली नाही. नुसतं विचारलं, “साब, आपने तो ठीक बोला था ना?” त्या दिवसापासून एझ्रानं चौदा वर्षांच्या वह्या काढल्या. रोज एक पान. स्वतःची बेरीज तपासायचा, वजाबाकी तपासायचा, आपली कुठं चूक झाली ते शोधत राहायचा. लिव्हरचं दुखणं कळलं, अंथरुणाला खिळला, तरी छातीवर वही. “दाम्या, माझंच कुठंतरी चुकलंय रे. सापडत का नाही?” मी त्याच्या उशाशी बसून संत्रं सोलत असायचो. दहा वर्षं! नुसता दगड नव्हे, त्याचा मेंदू मी कुरतडत होतो. कुणाला सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

जायच्या अकरा दिवस आधी, मंगळवारी सकाळी मी सांगितलं. तो पुन्हा तिसऱ्या वर्षाचं पान उघडून बसला होता, बोट माझ्या नावावर आलं होतं. मी म्हटलं, “एझ्रा, मी खणलं नव्हतं.” बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. त्यानं वही मिटली. मग विचारलं, “कधीपासून माहीत होतं?” मी सांगितलं. “दहा वर्षं,” तो म्हणाला, नुसतंच, उजळणी केल्यासारखं. डोळे मिटून घेतले. “शनिवार होता, नाही? ... जा आता.” त्याची बायको, फ्लोरावहिनी, चहा घेऊन आत आल्या तर मी चपला शोधत होतो. पुढचे दहा दिवस मी गेलो नाही. मधला शनिवारही चुकवला, साठ वर्षांत पहिल्यांदा.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी वहिनींचा फोन आला. “भावजी, हे म्हणतायत, उद्या यांचं पेन बंद असणार.” एवढंच. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. मला कळलं नाही असं म्हणू? साठ वर्षं ती बोली बोललेल्या माणसाला? तो मला लिहायला बोलावत होता. मला वाटलं, आता तो माझ्याकडून माझी चूक लिहून घेणार, माझ्या हातानं, आणि मग माझ्याकडे बघणार. ते बघणं मला सोसवलं नसतं. मी वहिनींना म्हटलं, “बरं.” आणि दुसऱ्या दिवशी एका चपलेवर गॅलरीत उभा राहिलो. तळोज्याच्या कारखान्यांकडून नेहमीचा तो उग्र वास येत होता. अकरा वाजले, दोन वाजले... चार वाजता फोन वाजला.

रविवारी दफन. मूठमूठ माती टाकायची होती. माझ्या मुठीत मुरूम होता, आणि डोक्यात काय यावं? ताजा भराव आहे, वर्षभरात खचेल. थू माझ्या विद्येला! मूठ उघडेना. शेवटी सुतारांच्या मुलानं माझा हात धरून पुढे केला.

महिना उलटल्यावर वहिनींचा निरोप आला, शनिवारी गारठा असतो हल्ली. गेलो. नाही म्हणायला तोंड कुठं होतं? त्याची खोली तशीच. दारामागे आमची पट्टी उभी, तिच्यावरचे काळे-तांबडे आकडे झिजलेले. टेबलावर तिसऱ्या वर्षाची वही. वहिनींनी तिला हात लावला नाही, शनिवार होता. लांबूनच म्हणाल्या, “शुक्रवारी दिवा लावायच्या आधी मला उठवून बसवा म्हणाले. अर्धा तास लागला त्यांना. मी म्हटलं, मी लिहिते, सांगा काय ते. तर म्हणाले, मला माहीत नाही काय लिहायचं. तिथं मी नव्हतो, तो होता. रविवार मला मिळायचा नाही, उद्या तो येईल... दुसऱ्या दिवशी दर थोड्या वेळानं दाराकडे बघत होते.” आवाज चढवला नाही त्यांनी, म्हणून जास्त लागलं. वही उघडीच होती. वर त्याच्या अक्षरात एकच शब्द, ‘दुरुस्ती’. मधलं सगळं पान कोरं. आणि अगदी तळाशी, वाकडीतिकडी, रेघेखाली घसरलेली, पण पूर्ण नावानिशी त्याची सही. मी काय लिहिणार ते न वाचता त्यानं सही करून ठेवली होती. पुन्हा. दहा वर्षांची लबाडी कळल्यावर पुन्हा.

दगड किती खाली गेला हे आता कुणालाही सांगता यायचं नाही. मी हातपाय धड असताना बोललो असतो, तर पलीकडच्या कड्यावरून एकदा दुर्बीण लावून तो आकडा काढता आला असता. आता खोऱ्यात तेनझिनही नाही, दगड कलंडलाय म्हणे, आणि एझ्राला विचारायची सोय उरली नाही. मी दर शनिवारी जातो. टेबलाशी बसतो, पेन उघडतो, बंद करतो. गेल्या शनिवारी वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “चहा गारच झाला वाटतं.” मी उठलो, गॅस पेटवला, भांडं ठेवलं, परत येऊन बसलो. आणि पहिली ओळ लिहिली : दगड बर्फावर होता, मी खणलं नव्हतं. त्याखाली आकडा हवा. तो माझ्यापाशी नाही. तेवढी जागा कोरी आहे, आणि खाली त्याची सही आहे.